रिकाम्या बंदुकीचे व्याकरण : नवोदित नेमबाज, सुरक्षानियम आणि त्यांची वाङ्मयीन रूपे

गुवाहाटी, मोतीहारी आणि गंगटोक या परस्परांपासून दूर असलेल्या शहरांत ‘चांदमारी’ नावाची वस्ती आहे. ऐझॉलमध्ये त्याच नावाचा उच्चार ‘चानमारी’ असा होतो. चांद म्हणजे लक्ष्यफलकावरील वर्तुळ, आणि त्यावर नेम धरून मारा करण्याची जागा ती चांदमारी. मराठीतही हा शब्द रुळलेला आहे. आज या वस्त्यांत घरे, दुकाने आणि रहदारी आहे. नाव तेवढे उरले आहे. स्थलनामांच्या अभ्यासकाला त्यात एका जुन्या व्यवस्थेचा अवशेष दिसेल. बंदुकीपासून माणसाला वाचवण्याचा सर्वांत प्राथमिक उपाय म्हणजे माणसालाच दूर ठेवणे. गावाबाहेरचे माळरान, लक्ष्यामागे मातीचा उंच बांध, गोळीबार चालू असल्याची खूण म्हणून लाल निशाण, एवढ्यावर सुरक्षेची मदार असे. शहर वाढत निशाणापर्यंत येऊन पोचले की चांदमारी हलवावी लागे. ब्रिटनमध्येही हेच घडले. विम्बल्डनच्या माळावर १८६० पासून भरणारी तेथील नॅशनल रायफल असोसिएशनची वार्षिक स्पर्धा लंडनची उपनगरे वाढत गेल्यामुळे १८९० मध्ये सरे परगण्यातील बिस्ली येथे न्यावी लागली.

याच विम्बल्डनच्या पहिल्या स्पर्धेचा प्रारंभ एका नवख्या नेमबाजाच्या हस्ते झाला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने गमतीची आहे. जुलै १८६० मध्ये राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याचा मध्य साधला. मात्र व्हिटवर्थ रायफल आधीच नेम धरून एका यांत्रिक बैठकीवर पक्की बसवलेली होती. राणीने केवळ रेशमी दोरी ओढली. नवशिक्याकडून होऊ शकणारी प्रत्येक चूक येथे यंत्राने आधीच अशक्य करून ठेवली होती. सर्वांसाठी अशी सोय करता आली असती तर हा निबंध लिहिण्याचे कारण उरले नसते.

प्रस्तुत निबंधाचा विषय या दोन्ही उपायांच्या पलीकडे सुरू होतो. जागा आणखी दूर नेता येत नाही, बंदूक बांधून ठेवता येत नाही आणि ती हाती घेतलेला माणूस नवखा आहे. अशा वेळी नियम त्याच्या अंगी कसा उतरवला गेला? हा प्रश्न सामान्यतः क्रीडाप्रशासनाचा मानला जातो. माझ्या मते तो तितकाच वाङ्मयप्रकारांच्या इतिहासाचाही आहे, कारण हा नियम पद्य, सूत्र, आज्ञा आणि चिन्ह अशा निरनिराळ्या रूपांत दिला गेला आणि रूपाबरोबर त्याचा आशयही सरकत गेला. त्यात एक नैतिक पेचही आहे. खेळांतील बहुतेक नियम घडलेल्या गोष्टीला शिक्षा करतात. सुरक्षानियम मात्र जे घडले नाही त्याला शिक्षा करतो. बंदूक रिकामी होती, कोणाला काही झाले नाही, तरीही स्पर्धकाला बाहेर काढले जाते. प्रथमच उतरलेल्या स्पर्धकाला हा धडधडीत अन्याय वाटतो आणि त्याच्या वाटण्यात अगदीच तथ्य नाही असे म्हणता येत नाही.

आपल्या महाकाव्यांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल. रामायण-महाभारतातील तीन निर्णायक घटना लक्ष्य न ओळखता सोडलेल्या बाणातून उद्भवतात. दशरथाने घडा भरल्याचा आवाज हत्तीचा समजून तापसपुत्राला मारले. पंडूने मृगरूप घेतलेल्या किंदम ऋषीला मारले. जरा नावाच्या व्याधाने योगस्थ कृष्णाला हरिण समजून त्याच्या पायाचा वेध घेतला. आधुनिक नेमबाजीच्या भाषेत हा एकाच नियमाचा भंग आहे: लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री झाल्यावाचून मारा करू नये. परंतु महाकाव्याची यंत्रणा घटनेनंतर चालू होते. शाप, वियोग, वंशाची वाताहत ही सारी घडलेल्या कृत्याची फळे आहेत. वाल्मीकीच्या दशरथाने ही कथा मरणाच्या रात्रीच कौसल्येला सांगितली आहे. त्या वेळी आपण युवराज होतो आणि शब्दवेधी म्हणून आपली ख्याती होती, असे तो म्हणतो. म्हणजे कौशल्य अंगी आले होते, शिस्त आली नव्हती. आजचा कोणताही प्रशिक्षक अशा विद्यार्थ्याला पूर्ण नवख्यापेक्षा अधिक धोकादायक समजेल.

कालिदासाने मात्र येथे एक सूक्ष्म पाऊल पुढे टाकले आहे. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात तो आठवण करून देतो की रानहत्तीचा वध राजाला निषिद्धच होता. याचा अर्थ असा की त्या झाडीत खरोखरच हत्ती असता तरी दशरथ दोषी ठरला असता. मुनिपुत्राचा मृत्यू हा दोषाचा परिणाम आहे, दोष त्याआधीच, बाण जोडतानाच घडून गेला आहे. परिणामापासून दोष वेगळा काढण्याची ही दृष्टी मला अत्यंत महत्त्वाची वाटते. पुढे नेमबाजीच्या नियमपुस्तकांचा सारा डोलारा याच विवेकावर उभा राहिला आहे.

उलट, नवशिक्यांच्या शिक्षणाची आपल्याकडील सर्वांत लोकप्रिय कथा या बाबतीत मुकी आहे. द्रोणाचार्यांनी झाडावर कृत्रिम पक्षी ठेवून शिष्यांची परीक्षा घेतली. ज्याला झाड, बंधू, गुरू सारे दिसत होते ते नापास झाले आणि ज्याला केवळ पक्ष्याचे मस्तक दिसत होते तो अर्जुन उत्तीर्ण झाला. एकाग्रतेचा हा आदर्श आजही शाळाशाळांतून सांगितला जातो. पण चांदमारीवरील अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले तर आजूबाजूचे बंधू आणि गुरू दिसणारा युधिष्ठिर तेथे निर्धास्तपणे उभा करता येईल. अर्जुनाच्या शेजारी मात्र एक माणूस ठेवावा लागेल. हे विधान थट्टेचे वाटेल, पण नवोदितांना शिकवणाऱ्यांच्या कामातला मुख्य ताण हाच आहे. नेम साधण्यासाठी जग विसरावे लागते आणि सुरक्षेसाठी जगाचे भान ठेवावे लागते.

युरोपात हा उपदेश पद्यात आला. इंग्लंडमधील एक उद्योजक आणि पार्लमेंटचे माजी सदस्य मार्क बोफॉय यांनी १९०२ मध्ये मुलाला पहिली बंदूक देताना ‘अ फादर्स अॅडव्हाइस’ ही लहानशी कविता लिहिली. काव्य म्हणून तिचे मोल बेताचेच. तरीही इंग्रजी शिकारी जगतात ती शतकभर पाठ केली गेली आणि घरांच्या भिंतींवर लागली. यमकामुळे नियम लक्षात राहतो हे तर खरेच. परंतु त्याहून महत्त्वाचे आहे ते तिचे संबोधन. बाप मुलाशी बोलतो आहे. बंदूक वारशाने येते, तसा नियमही वारशाने येतो. नियम मोडणाऱ्याला स्पर्धेतून काढणारा पंच या कवितेत नाही.  थोडक्यात, ही एका वर्गाची अंतर्गत शिस्त होती.

वसाहतीच्या भारतात असा बाप फारच थोड्या घरांत होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना तीतून सूट दिली. परिणामी ‘नवशिका नेमबाज’ हे पात्रच वंशाने ठरले. जिम कॉर्बेटच्या ‘जंगल लोअर’ (१९५३) या पुस्तकात नैनितालच्या स्वयंसेवक पथकातील बालकॅडेटांच्या नेमबाजीचा जो प्रसंग आहे, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सार्जंट मेजरच्या धास्तीने पोराचे नेम चुकत होते. एका वरिष्ठ सेनाधिकाऱ्याने जवळ येऊन घाई न करता नेम धरायला सांगितल्यावर त्याचा हात स्थिरावला. धाक आणि धीर यांतील हा भेद पुढे प्रत्येक प्रशिक्षणव्यवस्थेला सोडवावा लागला आहे.

पद्यानंतर सूत्र आले. अमेरिकेच्या मरीन दलातील निवृत्त अधिकारी जेफ कूपर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरक्षेचे चार नियम रूढ केले. सर्व बंदुका भरलेल्या आहेत, जे नष्ट करण्याची तयारी नाही त्यावर नळीचे तोंड येऊ देऊ नका, नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा, लक्ष्य ओळखा. हा त्यांचा आशय. यांतील शेवटचे तीन नियम आज्ञार्थी आहेत. पहिला मात्र विधानरूप आहे, आणि ते विधान असत्य आहे. सर्व बंदुका भरलेल्या नसतात हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे. या नियमाचे दोन पाठ प्रचारात आहेत. एका पाठात बंदूक ‘भरलेलीच आहे’ असे म्हटले जाते, दुसऱ्यात ती ‘भरलेली असल्यासारखी’ वागवा असे. आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर एक रूपक आहे आणि दुसरी उपमा. उपमा भेद कायम ठेवते. ‘सारखी’ म्हणताच ‘वस्तुतः नाही’ ही पळवाट उघडी राहते. नवशिका नेमका त्याच वाटेने निसटतो. रूपक ती वाट बंद करते. नैयायिकांनी ‘आहार्य’ नावाची एक ज्ञानावस्था मानली आहे: गोष्ट तशी नाही हे पक्के ठाऊक असूनही केवळ इच्छेने ती तशी आहे असे धरून चालणे. रूपक आणि भ्रांतिमान या अलंकारांतील भेद सांगताना जगन्नाथ पंडितांच्या परंपरेला हीच संकल्पना उपयोगी पडली. रूपकातील अभेद आहार्य असतो, भ्रांतिमानातील नसतो. रिकामी बंदूक भरलेली आहे असे ज्याला खरोखर वाटते तो भ्रमात आहे. ती रिकामी आहे हे स्वतः दोनदा तपासूनही जो तिला भरलेली मानतो, तो नेमबाज झाला आहे. कोलरिजने १८१७ मध्ये वाचकाच्या अविश्वासाला स्वेच्छेने दूर सारण्याची जी कल्पना मांडली तिच्याशी याची तुलना सुचेल. परंतु तेथे काही काळ एक शंका बाजूला ठेवायची असते, येथे आयुष्यभर एक आरोप धारण करायचा असतो. ‘रिकामीच आहे हो’ हे नवोदिताचे सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत धोकादायक वाक्य का आहे, ते यावरून कळावे.

हे वाक्य मी स्वतः उच्चारलेले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, माळव्यातील एका शहरात, राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात पाच गोळ्या झाडून झाल्यावर मी पॉइंट टू टू रायफल हातात घेऊन मागे मैत्रिणीकडे वळले. ‘उस्ताद, खाली है,’ असे मी म्हणाले, तोवर हवालदारांनी नळी वरच्या वर धरून रायफल काढून घेतली होती. सर्वांसमोर ‘जाँच शस्त्र’ची कवायत तीनदा करवून त्यांनी मला उरलेल्या शिबिरात नेमबाजीपासून दूर बसवले. त्या दिवशीच्या पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता आल्या असत्या. माझी निवड होणार असे सारे म्हणत होते. रायफल भरलेली होती का, हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही. मला अनेक वर्षे सर्वांत जास्त राग होता तो या न विचारण्याचा.

या शिबिरांना पूर्वेतिहास आहे. कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने छात्रसेना स्थापन झाली, आणि ज्या घरांत बोफॉयसारखा बाप असण्याची शक्यताच नव्हती त्या घरांतील मुलामुलींच्या हाती प्रथमच रायफल आली. अंजली भागवत यांच्यासारख्या मराठी नेमबाजांचा प्रारंभही छात्रसेनेतूनच झाला. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत अग्रणी होते गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले, गांधीजींचे अनुयायी, लोकसभेचे पहिले सभापती आणि तुरुंगात भेटलेल्या कैद्यांविषयी गुजरातीत पुस्तक लिहिणारे हे मराठी गृहस्थ बंदुकीच्या खेळाचे पालक झाले, हा योगायोग चरित्रकारांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. त्यांच्या नावाने होणारी अखिल भारतीय स्पर्धा हीच पुढे नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचे दार ठरली. बहुसंख्य भारतीय नेमबाज नियमाची पहिली कठोर अंमलबजावणी अशाच पात्रता स्पर्धांत अनुभवतात. सभापतीच्या आसनावरून दिलेल्या निर्णयावर सभागृहात वाद चालत नाही, हा संकेत स्वतंत्र भारताच्या संसदेत मावळंकरांनी घट्ट केला. नेमबाजीच्या रेंजवर ‘स्टॉप’ या शब्दाची प्रतिष्ठा तशीच आहे. हे साम्य मी जरा ताणते आहे याची मला जाणीव आहे.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत सूत्राची जागा मोजक्या आज्ञांनी आणि चिन्हांनी घेतली. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’. ‘स्टॉप’नंतर, रिकामी करण्यावाचून अन्य कारणासाठी, परवानगीशिवाय बंदुकीला हात लावणारा बाद होऊ शकतो. बंदूक वापरात नसताना तिच्या नळीत झगझगीत नारिंगी रंगाची दोरी, म्हणजे ‘सेफ्टी फ्लॅग’, घातलेली असलीच पाहिजे. एके काळी लाल निशाण माळावर फडके आणि सर्वांना दूर ठेवी. आता ते आक्रसून प्रत्येक नळीत शिरले आहे. हवेच्या बंदुकीची दहा मीटरची स्पर्धा १९६६ मध्ये जागतिक स्पर्धेत आणि १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये आली. त्यानंतर चांदमारी इमारतीत, शाळेच्या सभागृहात, तळघरात मावू लागली. अंतराने मिळणारे संरक्षण संपले आणि सारा भार दोरीवर व सवयीवर आला. त्यातून हवेची बंदूक म्हणजे खेळणे, हा घरोघरचा समज. नवोदितांकडून होणाऱ्या चुकांचे मूळ बऱ्याच अंशी या समजात आहे.

दोरी नसल्यास आधी ताकीद दिली जाते. ताकिदीनंतरही नकार दिल्यास बाद केले जाते. ताकिदीचे पत्रक पिवळे, गुणवजावटीचे हिरवे आणि बाद करण्याचे लाल. हिरवे पिवळ्याहून कडक, ही रंगांची भाषा रस्त्यावरच्या दिव्यांशी न जुळणारी असल्याने नवख्यांचा गोंधळ होतो. मात्र या पायऱ्या असणे अर्थपूर्ण आहे: नियम न कळणे आणि नियम न मानणे यांत येथे फरक केलेला आहे.

१९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया, मिसुरी येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ महासंघाने, ज्याचे पहिले अध्यक्ष कूपरच होते, ही पायरी जवळजवळ ठेवलीच नाही. तेथे स्पर्धक पळत, वळत मारा करतो. नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली की पूर्ण स्पर्धेतून बाद. पहिली स्पर्धा आहे की पन्नासावी, याची चौकशी नाही. मारा चालू नसताना रिकामे पिस्तूल हातून पडले तर तो गुन्हा नाही, पण स्पर्धकाने ते स्वतः उचलले तर तो बाद. पडलेली वस्तू वाकून उचलणे ही माणसाची उपजत हालचाल आहे, आणि नवखे नेमके येथेच सापडतात. सुरक्षित म्हणून राखलेल्या जागेत रिकामे पिस्तूल हाताळता येते, परंतु तेथे सरावाच्या खोट्या काडतुसालाही हात लावता येत नाही. खोटे ते खरे मानण्याचे रूपक येथे काडतुसापर्यंत पोचले आहे. मारा संपल्यावर अधिकारी देत असलेली आज्ञा तर व्याकरणदृष्ट्या विलक्षण आहे. ‘रिकामे असल्यास’ चाप ओढा, असे तो सांगतो. पिस्तूल रिकामे आहे असे तो स्वतः कधीच म्हणत नाही. विधान करण्याची जबाबदारी स्पर्धकावर सोडून तो सशर्त वाक्याच्या आडोशाला उभा राहतो.

नवोदिताला सवलत द्यावी, असे म्हणणारा एक वर्ग प्रत्येक देशातील आयोजकांत आढळतो. पहिल्याच दिवशी बाद झालेला माणूस परत येत नाही, आणि खेळाला माणसे हवी असतात. यातील व्यावहारिक चिंता खरी आहे. तरीही सवलतीचा मार्ग मला पटत नाही. ‘या वेळी जाऊ द्या’ असे म्हटले की रूपकाची उपमा होते आणि ती दुरुस्त करायला पुन्हा वर्ष जाते. जे बदलता येईल ते अंमलबजावणीचे निवेदन. बाद करताना ‘तू बेजबाबदार आहेस’ असे सांगणे आणि ‘नळी येथपर्यंत आली होती’ असे जागा दाखवून सांगणे, यांत पहिले चारित्र्यावरील भाष्य आहे, दुसरे घटनेचे कथन. कॉर्बेटचा सार्जंट मेजर आणि तो सेनाधिकारी एकाच नियमाचे पाईक होते. माझ्या हवालदारांनी रायफल भरलेली होती का हे विचारले नाही, ते योग्यच होते. आपण ते का विचारत नाही, एवढे एक वाक्य त्यांनी सांगितले असते तर मी कदाचित आणखी काही वर्षे नेमबाजी केली असती.

यात भाषेचाही प्रश्न आहे आणि तो मराठीच्या अभ्यासकांनी हाती घ्यावा असा आहे. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील जागतिक विजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ मधील पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक यांमुळे कोल्हापूर परिसरातील गावांतून मुले नेमबाजीकडे वळत आहेत. अशा मुलाला नियमाचे स्पष्टीकरण मराठीत मिळते, छात्रसेनेची कवायत हिंदीत आणि स्पर्धेची आज्ञा इंग्रजीत. इंग्रजी ‘स्टॉप’ कोणाला म्हटले आहे हे सांगत नाही. ‘जाँच शस्त्र’ मध्ये तर क्रियापदच नाही. मराठीला मात्र आज्ञा करण्यापूर्वी समोरचा ‘तू’ आहे की ‘तुम्ही’, हे ठरवावे लागते.

अलीकडे पुण्यातील एका लहानशा केंद्रात मी दुपारभर बसले होते. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी पहिल्यांदाच रेषेवर उभी होती. प्रशिक्षक तिला म्हणत होते, ‘बोट बाहेर घ्या. दोरी घाला. आता खाली ठेवा.’ दहा छर्रे संपवून ती रेषेमागे आली, तेव्हा तेच प्रशिक्षक म्हणाले, ‘ये, पाणी पी आधी.’